विसर्जनाचा पाऊस आणि साडेतीन डेसिबल: चौपाटीवरच्या एका लाइव्ह फीडचं प्रकरण

अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवरून लाइव्ह करायचं तर मोबाइल नेटवर्कच्या भरवशावर राहायचं नाही, हे मुंबईतल्या न्यूज चॅनेलमधल्या तांत्रिक माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. एरवी रिपोर्टरच्या पाठीवरची बॅकपॅक आणि तिच्यातली चार-सहा सिमकार्डं एवढ्यावर काम भागतं. विसर्जनाच्या संध्याकाळी मात्र ऑपेरा हाऊसपासून वाळूपर्यंत जो तो फोन उंचावून व्हिडिओ पाठवत असतो, आणि बॅकपॅक गुदमरते. म्हणून त्या दिवशी ओबी व्हॅन बाहेर काढतात. टपावर डिश, आत मॉड्युलेटर (बिट लहरीवर चढवणारं यंत्र) आणि अ‍ॅम्प्लिफायर, आणि संबंध थेट उपग्रहाशी.

हे प्रकरण अशाच एका व्हॅनचं आहे. चॅनेल मराठी, नाव देत नाही. व्हॅनमध्ये एक जुने इंजिनिअर, ज्यांना सगळे काका म्हणतात, आणि त्यांच्या हाताखाली एक नवा मुलगा. पाऊस आला, चित्र गेलं आणि काही वेळाने परत आलं, एवढीच गोष्ट. पण चित्र गेलं कसं आणि परत कशामुळे आलं, यात डिजिटल संदेशवहनाचं बरंच शास्त्र एका जागी पाहायला मिळतं.

सकाळची मांडणी

उपग्रहाच्या ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे खालून आलेला सिग्नल परत खाली पाठवणाऱ्या यंत्रावर, दिवसभरासाठी ९ मेगाहर्ट्झचा स्लॉट घेतला होता. पद्धत डीव्हीबी-एस२, उपग्रहावरून डिजिटल टीव्ही पाठवण्याचं मानक. स्लॉटची रुंदी ठरली की सेकंदाला किती सिम्बॉल (लहरीचे ठोके, प्रत्येकावर काही बिट) पाठवता येतील तेही जवळपास ठरतं, आणि तिथे सिग्नलला आकार देण्याचा पहिला भाग येतो. प्रत्येक सिम्बॉलच्या पल्सला फिल्टर लावून असा आकार देतात की तो शेजारच्या सिम्बॉलवर सांडत नाही आणि स्पेक्ट्रमच्या कडाही उतरत्या राहतात. कडा किती तिरकस ठेवायच्या तो रोल-ऑफ. जुन्या डीव्हीबी-एसच्या काळात तो ०.३५ असायचा. ९ मेगाहर्ट्झला १.३५ ने भागलं की हाती येतात सेकंदाला सुमारे ६.६७ दशलक्ष सिम्बॉल. एस२ मध्ये ०.२० चालतो, म्हणजे ७.५ दशलक्ष. त्याच भाड्यात आठवा हिस्सा जास्त माल. अर्थात अ‍ॅम्प्लिफायरची पॉवर तेवढीच असल्याने ती जास्त सिम्बॉलांत वाटली जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा डेसिबल कमी येतो. फुकट काही नाही.

या ७.५ दशलक्ष सिम्बॉलांवर दोन एचडी फीड चढवायचे होते: एक क्रेनवरच्या कॅमेऱ्याचा, एक अँकरचा. त्यासाठी ८-पीएसके आणि कोड रेट ३/४ निवडला. ८-पीएसकेमध्ये प्रत्येक सिम्बॉल लहरीच्या आठ ठरलेल्या स्थितींपैकी, म्हणजे आठ बिंदूंपैकी, एक असतो, म्हणून एका सिम्बॉलमागे तीन बिट जातात. कोड रेट ३/४ म्हणजे चारांतले तीन बिट कामाचे आणि एक चुका दुरुस्त करण्यासाठी. थोडा वरखर्च वजा जाता हिशोब सेकंदाला १६.७ मेगाबिटवर जातो. दोन फीड प्रत्येकी आठाच्या आसपास, उरलेल्यात किरकोळ.

नव्या मुलाने सकाळी एक चांगला मुद्दा काढला. कुठल्या मांडणीला सिग्नल गोंगाटाच्या किती डेसिबल वर हवा, याचा मानकातला तक्ता बघून तो म्हणाला, "काका, १६-एपीएसके दोन-तृतीयांश घेऊ या ना. ८-पीएसके पाच-षष्ठांशला ९.३५ डेसिबल लागतात, याला ८.९७ च लागतात. आणि बिट उलट जास्त मिळतात." तक्त्यात हे खरंच तसं आहे. पहिल्यात आपल्या सिम्बॉल रेटला १८.६ मेगाबिट बसतात, दुसऱ्यात १९.८. जास्त बिंदूंची घडण घ्या, त्यावर तगडा कोड लावा, तर कमी बिंदूंवर लावलेल्या कमजोर कोडपेक्षा ती सरस ठरते. कोड आणि बिंदूंची मांडणी वेगवेगळी निवडायची नसते, जोडीने निवडायची असते, हे ज्याला तक्ता बघूनच सुचलं त्या पोराला या धंद्यात भविष्य आहे.

काकांनी तरीही नकार दिला. कारण तक्त्यात नव्हतं, टपाखालच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये होतं. ८-पीएसकेचे आठही बिंदू एकाच वर्तुळावर बसतात, सगळे सारख्या ताकदीचे. १६-एपीएसकेत चार बिंदू आतल्या कड्यावर आणि बारा बाहेरच्या. दोन-तृतीयांश रेटला बाहेरची त्रिज्या आतलीच्या ३.१५ पट असते. अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कमाल ताकदीजवळ चालवला की बाहेरचं कडं दबतं, आतलं तसंच राहतं, आणि दोन्हींतलं अंतर आक्रसतं. ते टाळायचं तर अ‍ॅम्प्लिफायर बराच खाली चालवावा लागतो, म्हणजे तक्त्यात वाचवलेले डेसिबल पॉवर कमी करण्यात जातात. अ‍ॅम्प्लिफायरची ट्यूब नवी असती तर कदाचित जमलं असतं. या व्हॅनची ट्यूब नवी नव्हती.

मग नेहमीचा रिवाज: उपग्रहाच्या कंट्रोलला फोन, आधी मॉड्युलेशनविना साधा कॅरिअर (कोरी लहर), क्रॉस-पोल तपासणी (दुसऱ्या ध्रुवीकरणात गळती नाही ना), मग मॉड्युलेशन चालू. उपग्रहावरून सिग्नल उतरवून घेणारं जमिनीवरचं केंद्र, म्हणजे टेलिपोर्ट, उत्तरेत होतं आणि तिथे आकाश कोरडं. तिथल्या रिसीव्हरवर ११.४ डेसिबल. ८-पीएसके ३/४ ला आदर्श स्थितीत ७.९१ लागतात. म्हणजे हाताशी साडेतीन डेसिबल.

पाऊस

व्हॅनची डिश आग्नेय-दक्षिणेकडे, बरीच वर तोंड करून उभी होती. मुंबईहून आपल्या नेहमीच्या उपग्रहांकडे बघताना मान चांगलीच वर करावी लागते, त्यामुळे समोरच्या इमारतींचा त्रास नसतो. त्रास ढगांचा. पावसाळी प्रदेशात पावसाचा थर सुमारे पाच किलोमीटर उंचीपर्यंत असतो आणि सिग्नलला तो सगळा भेदून जावं लागतं. वर जाणाऱ्या सिग्नलच्या १४ गिगाहर्ट्झला ताशी ५० मिलिमीटरची सर असेल तर दर किलोमीटरला जवळपास ३ डेसिबल गळतात. मुंबईच्या माणसाला ५० मिलिमीटरच्या सरीचं अप्रूप नाही. ती छत्री उघडेपर्यंत येते आणि जाते. पण पाच किलोमीटरच्या थराला हा दर लावून बघा. सर अख्ख्या वाटेवर सारखी नसते म्हणून सरळ गुणाकार करायचा नसतो, तरी साडेतीन डेसिबलचं मार्जिन त्यात कुठल्या कुठे जातं. निम्म्या सरीतही जातं.

संध्याकाळी मलबार हिलच्या बाजूने काळं झालं. सुरुवातीच्या सरींत टेलिपोर्टचं रीडिंग अकराच्या खाली आलं, मग दहा, मग साडेनऊ. चित्रात तसूभर फरक नाही.

व्हॅनमध्ये मात्र वेगळं दिसत होतं. व्हॅन आपलाच सिग्नल उपग्रहावरून परत उतरवून मॉनिटरवर बघते. तिची डिश टेलिपोर्टच्या डिशपेक्षा लहान, त्यामुळे कोरड्या हवेतही तिचं रीडिंग सव्वा-दीड डेसिबलने कमीच असतं. पावसात ही तफावत आणखी वाढते, कारण व्हॅनला वर जाताना एकदा आणि खाली येताना पुन्हा, असा दोनदा पाऊस लागतो. टेलिपोर्टला फक्त वर जातानाचा. व्हॅनमधला मॉनिटर आधी गोठला. मुलगा घाबरला. काका घाबरले नाहीत. त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि फोन लावला. दहा वेळा लावला की एकदा लागत होता.

"मॅडम, माझ्याकडचं चित्र गेलं. तुमच्याकडचं आहे अजून, पण एक-दीड डेसिबलच उरलेत. एक फीड सोडा, मी खाली उतरतो."

आउटपुट डेस्कवरच्या मॅडम म्हणाल्या, "काका, इथे एकदम क्लीन आहे. मोठी मिरवणूक आत्ताच चौपाटीवर वळतेय. हात लावू नका."

मॅडमना दोष देणं सोपं आहे. मला तो द्यावासा वाटत नाही. त्यांच्यासमोर चित्र होतं, रीडिंग नव्हतं. आणि या पद्धतीत चित्र शेवटच्या क्षणापर्यंत काहीही सांगत नाही.

त्याचं कारण कोडमध्ये आहे. ३/४ रेटची एक मोठी फ्रेम ६४,८०० बिटांची असते. त्यांत कामाचे बिट ४८,४०८. त्यांवर १९२ बिटांचं बीसीएच या चुका दुरुस्त करणाऱ्या कोडचं कुंपण, आणि त्या सगळ्यावर १६,२०० पॅरिटी (ताळा जुळवणाऱ्या) बिटांचा दुसरा कोड, एलडीपीसी. रिसीव्हर प्रत्येक बिटाबद्दल "हा एक असण्याची शक्यता अमुक" असा कच्चा अंदाज धरतो आणि हजारो पॅरिटी समीकरणांतून ते अंदाज पुन्हा पुन्हा फिरवून पक्के करतो. गोंगाट उंबरठ्याच्या आत असेल तर काही फेऱ्यांत सगळं जागेवर बसतं आणि बाहेर पडणारी फ्रेम निर्दोष असते. उंबरठ्याच्या पलीकडे गेला की फेऱ्या कितीही मारा, अंदाज पक्के होतच नाहीत. या दोन अवस्थांमध्ये अंतर असतं फक्त काही दशांश डेसिबलचं. एलडीपीसीतून क्वचित सुटलेल्या पाच-दहा चुका बीसीएच टिपतो. ३/४ रेटला तो बारापर्यंत दुरुस्त करतो. त्याचा उपयोग उंबरठ्याच्या वर चित्र डाग नसलेलं ठेवण्याला. उंबरठ्याखाली चुका हजारांनी असतात, तिथे बारांचं काय घेऊन बसलात.

या बीसीएचमधला 'बी' म्हणजे राज चंद्र बोस, कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये घडलेले गणिती. द्विजेंद्र कुमार राय-चौधुरींसोबत त्यांनी हे कोड १९६० मध्ये मांडले, आणि फ्रान्समध्ये होकेनगेम यांनी वर्षभर आधी स्वतंत्रपणे. रॉबर्ट गॅलागर यांचा एलडीपीसीही एमआयटीतल्या त्याच सुमाराच्या प्रबंधातला. तो मात्र तीसेक वर्षं बाजूला पडून होता, कारण तेव्हाच्या यंत्रांना एवढी आकडेमोड झेपत नव्हती.

आणखी एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी, कारण "एरर करेक्शन आहे ना, मग पावसात चित्र जातं कसं?" हा प्रश्न डेस्कवरून दर पावसाळ्यात येतो. आपल्या सिम्बॉल रेटला एक फ्रेम जेमतेम २.९ मिलिसेकंदांची. कोड तेवढ्या काळात विखुरलेल्या चुका निस्तरतो. सर दहा-पंधरा मिनिटं टिकते. तोपर्यंत लाखो फ्रेम एकामागून एक उंबरठ्याखालीच जन्माला येतात आणि एकीची मदत दुसरीला होत नाही.

रीडिंग आठाच्या खाली गेलं. आधी एका कोपऱ्यात चौकोन, मग गोठलेला गुलाल, मग काळं.

पॉवर वाढवण्याचा मोह

पहिली प्रतिक्रिया सगळ्यांची तीच असते. "काका, पॉवर वाढवू?" काका म्हणाले, वाढव, पण हळू. पहिल्या डेसिबलला टेलिपोर्टचं रीडिंग जवळपास तेवढंच वाढलं. दुसऱ्याला जेमतेम हललं. व्हॅनमधल्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना खांदे फुटलेले दिसू लागले. सकाळी फिल्टरने ज्या कडा नीट कापल्या होत्या त्या दबलेल्या अ‍ॅम्प्लिफायरने पुन्हा पसरवल्या, आणि शेजारच्या स्लॉटमध्ये गळती सुरू झाली. कंट्रोलकडून तंबी यायच्या आत काकांनी दोन्ही डेसिबल परत घेतले.

कुणीतरी डिशवर प्लास्टिक टाकायला सांगितलं. प्लास्टिकवर पाण्याचा पापुद्रा धरतो आणि सिग्नल आणखी खातो. काकांनी उलट मुलाला डिशसमोरच्या हॉर्नच्या (तिथून सिग्नल डिशवर पडतो) तोंडावरचं पाणी कोरड्या फडक्याने टिपायला पाठवलं, अर्थात ट्रान्समिशन बंद करून. पॉवर चालू असताना हॉर्नसमोर हात घालणारा माणूस ओबीवर ठेवू नये.

टेलिपोर्टवरून सूचना आली: सिम्बॉल रेट निम्मा करा, सगळी पॉवर अर्ध्या रुंदीत एकवटेल, ३ डेसिबल मिळतील. ऐकायला बरोबर वाटतं, आणि ३ डेसिबल मिळतातही. पण हिशोब मांडून बघा. निम्म्या रेटला ८-पीएसके ३/४ ठेवलं तर ८.४ मेगाबिट मिळतात, आणि लागणारे ७.९१ डेसिबल पूर्ण रुंदीच्या भाषेत ४.९ होतात. त्याऐवजी रुंदी तशीच ठेवून क्यूपीएसके (चार बिंदू, सिम्बॉलमागे दोन बिट) ३/४ घेतलं तर लागतात ४.०३, आणि मिळतात ११.२ मेगाबिट. म्हणजे पॉवर जवळपास ०.९ डेसिबल कमी आणि माल तिसऱ्या हिश्श्याने जास्त. पॉवरची टंचाई असेल तर पसरायचं, आणि जागेची टंचाई असेल तर सिम्बॉलवर थर चढवायचे. शॅननच्या १९४८ च्या सूत्रातून हेच निघतं. शिवाय सिम्बॉल रेट बदलला की टेलिपोर्टच्या रिसीव्हरवरही कुणीतरी आकडा बदलावा लागतो. मॉड्युलेशन आणि कोड रेट बदलले तर लागत नाही, कारण प्रत्येक फ्रेमच्या डोक्यावरचा छोटासा हेडर रिसीव्हरला ते सांगतो. फोन दहा वेळांत एकदा लागत असताना ही सोय लाखमोलाची.

काकांनी आणखी एक पायरी उतरून क्यूपीएसके दोन-तृतीयांश घेतलं. उंबरठा ३.१०, बिट ९.९ मेगाबिट. दोन फीड त्यात बसवता आले असते, पाच-पाच मेगाबिटला. पण ते चित्र बघण्यासारखं राहिलं नसतं. चित्र कमी बिटांत दाबून बसवणाऱ्या एन्कोडरसाठी विसर्जनाइतकं वाईट दृश्य शोधून सापडणार नाही: उधळलेला गुलाल, लाटा, पावसाच्या रेषा, हजारो हलते हात, आणि सगळ्यावर लुकलुकते दिवे. एका फ्रेममधून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधण्यावर त्याचा सगळा धंदा, आणि इथे अंदाज बांधावा असं काहीच स्थिर नाही. म्हणून एकच फीड, साडेआठ मेगाबिटला, आणि क्रेन की अँकर ते व्हॅनमध्येच स्विच करायचं. मॅडम या वेळी फक्त "करा" म्हणाल्या.

करण्याचा क्रमही महत्त्वाचा. खाली उतरताना आधी एन्कोडरचा बिटरेट कमी करायचा, मग मॉड्युलेटर बदलायचा. उलट केलं तर मॉड्युलेटरच्या तोंडाशी बिट तुंबतात आणि अलार्म वाजतो. वर चढताना आधी मॉड्युलेटर. मुलाने ते बरोबर केलं. रिसीव्हरने नवा सिग्नल पकडायला एक-दोन सेकंद घेतली आणि चित्र उभं राहिलं.

क्यूपीएसकेचा आणखी एक फायदा पदरात पडला. चारच बिंदू, एकमेकांपासून लांब, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरच्या दबण्याला ते कमी घाबरतात. मघाशी मागे घेतलेल्या दोन डेसिबलांपैकी एक काकांनी खांदे बघत बघत परत दिला, आणि या वेळी तो पूर्ण कामी आला. सर सर्वांत जोरात होती तेव्हा रीडिंग ३.८ पर्यंत गेलं. सात दशांशांवर चित्र उभं होतं, आणि डेस्कवर कुणाला पत्ता नव्हता.

नंतर

सर ओसरल्यावर काका लगेच ८-पीएसके ३/४ वर गेले नाहीत. ८-पीएसके ३/५ वर थांबले: उंबरठा ५.५०, १३.३ मेगाबिट, दोन फीड साडेसहा-साडेसहाला. थोडं मऊ चित्र. मोठे गणपती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत येतच असतात आणि आकाश अजून काळं होतं. मला हा निर्णय त्या दिवसातला सगळ्यांत चांगला वाटतो, पॉवर परत घेण्यापेक्षाही.

चॅनेलमध्ये नंतर नवा मॉड्युलेटर घेण्याची चर्चा झाली. एस२ च्या २०१४ मध्ये आलेल्या विस्तारात, एस२एक्समध्ये, रोल-ऑफ ०.०५ पर्यंत जातो आणि मॉड्युलेशन-कोडच्या पायऱ्या अधिक बारीक आहेत. बारीक पायऱ्यांचा उपयोग होईल. खाली उतरताना गरजेपेक्षा जास्त बिट सोडावे लागणार नाहीत. ०.०५ चा रोल-ऑफ पावसात मदत करणार नाही, कारण तेवढीच पॉवर ८.५७ दशलक्ष सिम्बॉलांत वाटली जाईल. विक्रेत्याने दाखवलेल्या सुधारित मांडण्यांचंही तसंच. बिंदू गोलाकार पसरून, किंवा हल्ली ऑप्टिकल फायबरवर करतात तसं आतले बिंदू जास्त वेळा आणि बाहेरचे कमी वेळा वापरून, तत्त्वतः जास्तीत जास्त १.५३ डेसिबल वाचू शकतात. ती बचत वरच्या मजल्यांवर, सिम्बॉलमागे बरेच बिट असताना मिळते. तीन-चार डेसिबलवर क्यूपीएसके आधीच मर्यादेच्या इतकं जवळ असतं की आकार बदलून फारसं काही हाती लागत नाही. चांगल्या हवेत दिवसाढवळ्या सभेचं लाइव्ह करायला ते घ्यावं. पावसासाठी म्हणून घेऊ नये.

पावसासाठी खरं काम एस२ मध्ये पहिल्यापासून असलेली एक सोय करू शकते, जी या व्हॅनमध्ये कुणी वापरली नव्हती: एकाच कॅरिअरमध्ये फ्रेमगणिक वेगळं मॉड्युलेशन. अँकरचा फीड ४ मेगाबिटला क्यूपीएसके १/२ मध्ये टाकायचा. त्याचा उंबरठा १.० डेसिबल. त्याला निम्म्याहून थोडे जास्त सिम्बॉल लागतात. उरलेल्यांत क्रेनचा फीड ८-पीएसके २/३ मध्ये, ६.८ मेगाबिटला. पावसात क्रेन जाईल, अँकर बोलत राहील, आणि क्रेन गेल्याचं बघून डेस्कला न सांगता कळेल की मार्जिन संपत आलं आहे. त्यासाठी टेलिपोर्टवर अशा फ्रेम वेगळ्या करणारा रिसीव्हर हवा. त्याची किंमत नव्या मॉड्युलेटरपेक्षा कमी निघाली, तरी मंजुरी मॉड्युलेटरला मिळाली. रिसीव्हरची फाइल अजून फिरते आहे. तोवर टेलिपोर्टचं रीडिंग आउटपुट डेस्कवरच्या एका स्क्रीनच्या कोपऱ्यात आणून ठेवलं आहे, आणि उंबरठ्याच्या वर दीड डेसिबल उरले की आकडा लाल होतो. हे काम मॅडमनीच पाठपुरावा करून करून घेतलं.